कोण राहून गेलं?

तर्कक्षमतेच्या प्रश्नपत्रिकेत या धर्तीचा प्रश्न हमखास भेटतो. 'एका सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला आलेल्या ४०० सभासदांना विचारलं, ठिबक सिंचन तुम्हाला परवडतं का? ३४० जण हो म्हणाले. यावरून दिसतं, की तालुक्यातल्या बहुतेक शेतकऱ्यांना ठिबक परवडतं.' खाली विचारलेलं असतं, या युक्तिवादातला सर्वांत मोठा दोष कोणता? पर्याय चार. एक, ४०० ही संख्या फार थोडी आहे. दोन, काही सभासद खोटं बोलले असतील. तीन, कारखान्याचे सभासद ऊस पिकवणारे, म्हणजे पाण्याची सोय असलेले. तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांना कुणी विचारलंच नाही. चार, ठिबकावरचं अनुदान पुढेमागे बंद होऊ शकतं.

उत्तर तिसरं. वर्गात हा प्रश्न घातला, की बरेच हात पहिल्या पर्यायाला वर होतात. तालुका एवढा मोठा आणि विचारलं फक्त ४०० जणांना, हे काही पटत नाही. पण तालुक्यातल्या सगळ्या शेतकऱ्यांची यादी घेऊन, चिठ्ठ्या टाकून ४०० नावं काढली असती, तर येणारं उत्तर शंभरातल्या पंच्याण्णव वेळा खऱ्या टक्केवारीच्या फार तर पाच अंकांनी मागेपुढे राहिलं असतं. शेतकरी पन्नास हजार असोत की दोन लाख, त्याने यात फारसा फरक पडत नाही. दुसरा पर्याय कुठल्याही पाहणीला चिकटवता येतो. या पाहणीत लोकांनी खोटं बोलावं असं काही कारण प्रश्नात दिलेलं नाही. चौथा उद्याबद्दल बोलतो, निष्कर्ष आजचा आहे.

तिसऱ्या पर्यायाने नेमकं कुठे बोट ठेवलं ते पाहा. ज्या पाण्यामुळे शेतकरी उसाकडे वळला आणि सभासद झाला, त्याच पाण्यामुळे त्याला ठिबक परवडलं. माणसं निवडण्याची रीत आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यांचं असं आतून नातं जुळलेलं असलं, की नमुना बिघडतो. तो लहान आहे म्हणून बिघडत नाही, आणि सगळ्यांना विचारलं नाही म्हणूनही नाही. याच सभेत 'तुम्ही उजव्या हाताने लिहिता की डाव्या?' असं विचारून तालुक्याचा अंदाज बांधला असता, तर फारसं काही चुकलं नसतं. डावरं असण्याचा आणि उसाच्या शेअरचा संबंध नाही. तेच सभासद, तेवढीच संख्या. एका प्रश्नाला नमुना चालतो, दुसऱ्याला चालत नाही. या पुस्तिकेत जे काही सांगायचं आहे त्याचं सार एवढंच आहे. पण ते अंगवळणी पडायला उदाहरणं लागतात, म्हणून ही प्रस्तावना लांबली आहे.

पुस्तिका न्हावरे आणि आसपासच्या गावांतून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. यूपीएससीने २०११ मध्ये पूर्वपरीक्षेत सीसॅट आणला, एमपीएससीने २०१३ मध्ये. यूपीएससीत २०१५ पासून हा पेपर पात्रतेपुरता उरला, ३३ टक्के मिळाले की झालं. त्यामुळे बऱ्याच जणांनी त्याकडे पाठ फिरवली, आणि सामान्य अध्ययनात चांगले गुण असूनही याच पेपरात अडकणारे दर वर्षी दिसू लागले. विधी अभ्यासक्रमाची सीईटी, क्लॅट, कॅट, बँकांच्या परीक्षा अशा सगळ्यांत 'सबळ युक्तिवाद, दुर्बळ युक्तिवाद', 'विधान आणि गृहीतक', 'निष्कर्षाला धक्का देणारा पर्याय निवडा' असे प्रश्न असतात. त्यातल्या मोठ्या गटाच्या मुळाशी एकच हालचाल असते: थोड्यांना पाहिलं आणि सगळ्यांबद्दल बोललं.

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना हा विषय परका वाटायचं कारण नाही. माती परीक्षणाला नमुना कसा काढायचा हे कृषी सहायकाने बांधावर उभं राहून सांगितलेलं तुम्ही ऐकलं असेल. शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागा धरायच्या. प्रत्येक जागी व्ही आकाराचा, वीतभर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडून घमेल्यात टाकायची. सगळी माती एकत्र करून गोणपाटावर पसरायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले दोन पुन्हा मिसळायचे. अर्धा किलो माती उरेपर्यंत हेच करत राहायचं. शिवाय बांधालगतची माती घ्यायची नाही, झाडाखालची नाही, शेणखताचा ढीग होता तिथली नाही, पाणी साचतं तिथली नाही, नुकतं खत टाकलं असेल तर मुळीच नाही.

या प्रत्येक मनाईमागे आपला वरचा नियम उभा आहे. खताच्या ढिगाजवळची माती सोयीची खरी; वाट तिथूनच जाते, खणायलाही ती भुसभुशीत. पण ज्या कारणाने ती जागा हाताशी आली, त्याच कारणाने तिथे अन्नद्रव्यं जास्त आहेत. तो नमुना प्रयोगशाळेत गेला तर अहवाल येईल की जमीन सकस आहे, खत कमी टाका. आणि बाकीचं रान उपाशी राहील. एकाच गटात अर्धी जमीन भारी आणि अर्धी मुरमाड असेल, तर दोन वेगळे नमुने काढायचे, हाही त्याच सूचनांतला भाग. संख्याशास्त्राच्या पुस्तकात यालाच स्तरित नमुना म्हणतात. नाव नंतर कळलं तरी चालेल, रीत आधी कळायला हवी.

शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपण सगळेच म्हणतो. ती होते, कारण पातेल्यातल्या सगळ्या तांदळाला पाणी एक, आच एक आणि वेळ एक मिळालेली असते. कुठलंही शीत उचललं तरी ते बाकीच्यांसारखंच असतं. परीक्षेतल्या युक्तिवादात ही अट गुपचूप गृहीत धरलेली असते. 'हे बाकीच्यांसारखेच आहेत' हे वाक्य प्रश्नात कुठेही छापलेलं नसतं, पण ते काढून घेतलं तर निष्कर्ष उभा राहत नाही. 'विधान आणि गृहीतक' प्रकारात गृहीतक शोधायला सांगतात तेव्हा पुष्कळदा हेच वाक्य शोधायचं असतं.

न्हावऱ्याच्या शिवारात याहून बारीक उदाहरण सापडतं. शिरूर-चौफुला रस्त्यावरच्या या गावात घोडगंगा सहकारी साखर कारखाना आहे, त्यामुळे ऊस तोडणीला आला की नाही, ही इथली नेहमीची चर्चा. उसाची पक्वता पाहायला हातातला रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. रसाचे दोन थेंब काचेवर टाकायचे, उजेडाकडे धरून ब्रिक्सचा आकडा वाचायचा. रस कुठल्या पेराचा घ्यायचा, हा खरा प्रश्न. ऊस बुडख्याकडून शेंड्याकडे पिकत जातो. कोवळ्या उसातही बुडख्याकडची पेरं गोड असतात आणि शेंडा पाणचट. बुडख्याचाच रस पाहिला तर उभा फड तयार वाटेल. म्हणून वरचं आणि खालचं अशी दोन्ही वाचनं घेऊन त्यांचं गुणोत्तर पाहतात. ते एकच्या जवळ आलं की ऊस पिकला. एकाच उसाच्या दोन टोकांची ही गत, तर तालुक्याच्या दोन टोकांना एका मापाने मोजताना किती जपायला हवं?

तालुक्याचा विषय निघालाच आहे, तर शिरूर तालुक्यातल्याच एका गावाची गोष्ट सांगायला हवी. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी दख्खनमधल्या एका खेड्याचा घरोघर जाऊन अभ्यास केला. जमीन कुणाकडे किती, तुकडे किती, कर्ज किती, घर चालतं कसं, असा बारीक तपशील. १९१७ साली 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' या नावाने तो प्रसिद्ध झाला. गाव होतं पिंपळे सौदागर, आज पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारतींत हरवलेलं. त्या काळीही ते पुणे आणि खडकी छावणीच्या हाकेच्या अंतरावर होतं. दूध, भाजीपाला शहरात विकला जायचा, माणसं मजुरीला शहरात जायची. अशा गावावरून दख्खनच्या खेड्याबद्दल बोलावं का, ही शंका रास्त होती. मग मान यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासह दुसरं गाव घेतलं. शहराच्या ओढीपासून दूर, पावसावर जगणारं. ते गाव म्हणजे शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक. हा दुसरा भाग १९२१ मध्ये निघाला.

ग्रामीण अर्थशास्त्राचे विद्यार्थी आजही ही दोन पुस्तकं वाचतात. आपल्या दृष्टीने त्यातली दुसऱ्या गावाची निवड सर्वांत मोलाची. मान पिंपळे सौदागरमधल्या आणखी शंभर घरांत गेले असते, तरी शहराजवळ असण्याचा परिणाम पुसला गेला नसता. तो गावाच्या जागेतच मुरलेला होता. म्हणून त्यांनी संख्या वाढवायच्या ऐवजी जागा बदलली. परीक्षेत 'पुढीलपैकी कोणती माहिती निष्कर्ष तपासायला सर्वाधिक उपयोगी पडेल?' असं विचारलं, की हा फरक आठवावा. त्याच प्रकारची आणखी माणसं पुरवणारा पर्याय सहसा चुकीचा असतो. राहून गेलेल्या प्रकाराची माणसं पुरवणारा बरोबर असतो.

संख्येवरचा भाबडा विश्वास मोडून काढणारं काम एका मराठी माणसाने केलं आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ सालचा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते लंडनला गेले, परतल्यावर भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पिकांच्या उत्पादनाचा अंदाज बांधायच्या पद्धतीवर काम केलं. पुढे १९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत गेले. नमुना पाहणीवरचा त्यांचा १९५४ चा इंग्रजी ग्रंथ जगभर अभ्यासला गेला.

१९४० च्या दशकात देशात वाद होता, की पीक कापणीसाठी शेतात केवढा तुकडा आखावा? प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा भर लहान तुकड्यांवर होता. तुकडे लहान घेतले की तेवढ्याच खर्चात ते जास्त शेतांतून घेता येतात. सुखात्मे यांनी प्रत्यक्ष कापणीचे आकडे घेऊन दाखवलं, की फार लहान तुकड्यांतून उत्पादन सातत्याने जास्त दिसतं. कारण अगदी साधं आहे. आखलेल्या रेषेवर जी ताटं येतात, ती आत धरायची की बाहेर? कापणाऱ्याचा कल त्यांना आत घेण्याकडे असतो. आता हिशेब करून पाहा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकड्याला दर चौरस मीटरमागे चार मीटर कड येते. दहा मीटर बाय पाच मीटरच्या तुकड्याची कड तीस मीटर आणि क्षेत्र पन्नास चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरमागे साठ सेंटिमीटर. लहान तुकड्यात कडेवरच्या ताटांचा वाटा कितीतरी मोठा, म्हणून चूकही मोठी.

ही चूक एकाच दिशेची आहे, हे नीट लक्षात घ्या. कधी जास्त, कधी कमी असं असतं तर हजार तुकड्यांच्या सरासरीत ती विरून गेली असती. प्रत्येक तुकडा थोडं जास्तच सांगत असेल, तर हजार तुकडेही जास्तच सांगतात, आणि वर हजारांचं वजन असल्यामुळे ठासून सांगतात. आज पीक विम्याची भरपाई ज्या उंबरठा उत्पादनाशी तुलना करून ठरते, तिथेही पीक कापणी प्रयोगाचे आकडे लागतात. प्रयोगाचं शेत कोणी निवडलं, सर्व्हे नंबर यादृच्छिक आकड्यांनी काढला की रस्त्याकडेचं बरं दिसणारं रान धरलं, यावर भोवतालच्या शेतकऱ्यांच्या खात्यात काय येणार हे अवलंबून असतं.

असाच धडा अमेरिकेने १९३६ मध्ये जाहीरपणे घेतला. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यांच्या बळावर साप्ताहिकाने लँडन जिंकणार असं भाकीत केलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. नावं काढली होती ती टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून. मंदीच्या त्या वर्षांत या दोन्ही गोष्टी बाळगणारा वर्ग खाऊनपिऊन सुखी होता. शिवाय जे उत्तर पाठवायची तसदी घेतात ते आणि जे घेत नाहीत ते, यांची मतंही सारखी नव्हती. वीस लाख उत्तरं हाती असूनही अंदाज उलटा पडला, आणि त्याहून कितीतरी लहान नमुना घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी विजेता बरोबर सांगितला.

आता परत न्हावऱ्याला. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला, की ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून जोडपी येतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, पहाटे फडात जातात आणि मार्चच्या आसपास परततात. समजा डिसेंबरमध्ये कुणी बीडमधल्या एखाद्या गावात घरोघर जाऊन कुटुंबांचं उत्पन्न आणि मुलांची शाळेतली हजेरी मोजली. ऊसतोडीला गेलेल्यांच्या दाराला कुलूप असणार. 'घर बंद' असा शेरा पडेल आणि पाहणी पुढच्या दाराशी जाईल. त्याच महिन्यात कुणी शिरूरमधल्या गावात मतदार यादी किंवा शिधापत्रिकांच्या यादीवरून तीच पाहणी केली, तर तीच जोडपी इथल्या यादीत नसणार. दोन्हीकडे पाहणी प्रामाणिकपणे झाली, एकही आकडा खोटा नाही, आणि दोन्हीकडून तीच माणसं निसटली. मुलांची शाळा ज्या स्थलांतरामुळे सुटते, त्याच स्थलांतरामुळे ती मुलं मोजणीतून सुटली. आलेला हजेरीचा आकडा खऱ्याहून चांगलाच दिसणार.

या उदाहरणावर थोडा वेळ थांबा, कारण परीक्षेत दोष इतका उघडा येत नाही. 'सर्वेक्षण घरोघर जाऊन करण्यात आलं' हे वाक्य वाचताना भक्कम वाटतं. 'घरोघर' म्हटलं की सगळे आले असं मन मानतं. मग विचारायचं, कधी? दुपारी गेलं तर रानात गेलेली माणसं सुटतात, हंगामात गेलं तर स्थलांतरित सुटतात. ग्रामसभेत हात वर करून ठराव झाला असेल, तर सभेची वेळ कुणाला सोयीची होती, बायका किती होत्या, पाहावं लागतं. फोनवरून विचारलं असेल, तर फोन कुणाच्या हातात असतो? ऑनलाइन अर्ज भरून घेतले असतील, तर ज्यांना त्या विषयाची चीड किंवा ओढ आहे तेच आधी भरणार.

दुसरा प्रकार तुमच्या अगदी अंगाशी आहे, म्हणून जास्त फसवा. निकाल लागला की गावोगाव सत्कार होतात. फ्लेक्सवर फोटो, व्यासपीठावर यशवंत, आणि समोर बसलेली शे-दोनशे मुलं. 'मी क्लास लावला नाही', 'मी मोबाइल वापरलाच नाही', 'मी पहाटे चारला उठत होतो'. ऐकणारा मनात नोंद करतो, की पहाटे चारला उठलं की पद मिळतं. यूपीएससीच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेचे अधिकृत आकडे समोर ठेवा. अर्ज १०,१६,८५०. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. मुख्य परीक्षेला पात्र ठरले १४,६२४, मुलाखतीला २,८५५ आणि शेवटी शिफारस झाली १,०१६ जणांची. पूर्वपरीक्षेला बसलेल्या दर ५८३ जणांमागे एक. उरलेल्या ५८२ पैकी पहाटे चारला किती उठत होते, हे व्यासपीठावरून कुणी सांगत नाही. त्यांना माइक मिळत नाही. कदाचित पहाटे उठणं खरंच उपयोगी असेल. पण सत्काराच्या भाषणांतून ते सिद्ध होत नाही, कारण तिथे पोचायची अट यश ही आहे, आणि आपण कारण शोधतोय तेही यशाचंच.

क्लासच्या जाहिरातीतही हेच चालतं, फक्त हेतू वेगळा. 'आमचे इतके विद्यार्थी निवडले गेले' असा आकडा ठळक असतो. किती जणांनी प्रवेश घेतला होता, हा छेदस्थानचा आकडा कुठे नसतो. निवडलेल्यांपैकी बरेच जण मुलाखतीच्या तयारीपुरते आलेले असतात, म्हणजे पूर्व आणि मुख्य परीक्षेची चाळणी ओलांडूनच दारात पोचलेले. ही माहिती जाहिरातीत दडवल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अलीकडच्या वर्षांत अनेक क्लासना दंड केला आहे. नमुन्याचा दोष ओळखता येणं फीची पावती फाडण्याआधीच कामाला येतं ते असं.

तिसरा प्रकार मागे उरलेल्या वस्तूंचा. घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यातच इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा हंगाम तिथे उत्खनन केलं आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आली. घरांच्या जमिनीखाली, मातीच्या कुंभांत पुरलेली लहान मुलं मोठ्या संख्येने मिळाली. मोठ्या माणसांची दफनं त्या मानाने थोडी. आता युक्तिवाद असा: 'सापडलेल्या दफनांत बहुतेक मुलांची आहेत, म्हणून त्या वस्तीतली बहुतेक माणसं लहानपणीच मरत असत.' त्या काळी बालमृत्यू पुष्कळ असणार, याबद्दल वाद नाही. पण 'बहुतेक' हा शब्द दफनांच्या मोजणीवरून लिहायचा, तर आधी विचारलं पाहिजे की खणलं कुठे? घरांत खणलं. घरात कुणाला पुरायचं आणि बाहेर कुणाला, हे वयावरून ठरत असेल, तर घरातल्या दफनांवरून मृत्यूच्या वयाचा हिशेब मांडता येत नाही. पुरातत्त्वज्ञ हे जाणून असतात आणि शब्द जपून वापरतात. प्रश्नपत्रिकेतला लेखक मुद्दाम जपत नाही, तुम्हाला पकडायला.

इतकं वाचल्यावर एक धोका संभवतो. जिथे पाहणी दिसेल तिथे 'नमुना सदोष' असा शिक्का मारायची सवय लागते. ती तितकीच महागात पडते, म्हणून कुठे शिक्का मारायचा नाही तेही सांगतो. निष्कर्ष ज्यांना विचारलं त्यांच्यापुरताच असेल, तर नमुन्याचा प्रश्न येत नाही. 'सभेला आलेल्यांपैकी बहुतेकांना ठिबक परवडतं' हे वाक्य ३४० या आकड्यावर निर्धास्त उभं राहतं. सगळ्यांचीच मोजणी झाली असेल, तरी तो येत नाही. मग दोष असलाच तर मोजण्यात शोधायचा. 'ठिबक बसवल्यावर उत्पन्न वाढलं, म्हणून ठिबकाने उत्पन्न वाढतं' यातला दोष बहुधा कार्यकारणाचा असतो, त्या वर्षी पाऊस आणि भावही बरा असेल. आणि निवडीची रीत एकांगी असूनही तिचा विचारलेल्या गोष्टीशी संबंध नसेल, तर डावऱ्या हाताचं उदाहरण आठवा आणि पुढच्या पर्यायाकडे जा.

परीक्षेत एका प्रश्नाला मिळणारा वेळ दीड-दोन मिनिटांचा. सीसॅटमध्ये ८० प्रश्न आणि दोन तास. तेवढ्यात एवढंच करायचं. आधी निष्कर्षाचं वाक्य शोधून त्याचा कर्ता पाहायचा: कुणाबद्दल बोलतोय? मग पुराव्याचं वाक्य घेऊन त्याचा कर्ता पाहायचा: कुणाला पाहिलं? दोन्ही कर्ते एकच असतील तर दोष दुसरीकडे आहे. वेगळे असतील तर मधल्या फटीत कोण राहून गेलं त्याचं नाव मनात घ्यायचं: कोरडवाहू शेतकरी, कुलूप लावून गेलेलं घर, न निवडलेले ५८२. आणि शेवटी, ते राहून गेले त्या कारणाचा विचारलेल्या प्रश्नाशी संबंध आहे का? असेल तर पर्यायांत तेच नाव शोधा. युक्तिवाद कमकुवत करणारा पर्याय मागितला असेल, तर राहून गेलेले वेगळे आहेत असं सांगणारा धरा. सबळ करणारा मागितला असेल, तर राहून गेलेलेही यांच्यासारखेच आहेत असं सांगणारा. एकाच फटीच्या या दोन बाजू आहेत.

पुस्तिकेतले प्रश्न पहिल्या भागात प्रकारानुसार लावले आहेत: स्वतःहून पुढे आलेल्यांचे नमुने, सोयीने हाताशी आलेले, यशस्वी किंवा शिल्लक उरलेल्यांचे, आणि चुकीच्या वेळी घेतलेले. उत्तरांबरोबर बाकीचे तीन पर्याय का टिकत नाहीत याची कारणंही दिली आहेत. ती उत्तराइतकीच सावकाश वाचावीत. गुण जातात ते जवळपास बरोबर वाटणाऱ्या पर्यायामुळे. उदाहरणं जाणूनबुजून ऊस, कांदा, दूध संघ, रांजणगावची एमआयडीसी, एसटी आणि अभ्यासिका यांतली घेतली आहेत. ओळखीच्या विषयात युक्तिवादाचा सांगाडा लवकर दिसतो.

पण आता सांगितलेली कसोटी या पुस्तिकेलाही लावा. इथले प्रश्न आम्ही निवडले आहेत, आणि नमुन्याचा दोष असलेलेच निवडले आहेत. ते सोडवून तुमचे नव्वद टक्के आले, तर त्यावरून परीक्षेतल्या गुणांचा अंदाज बांधू नका. इथे पान उघडतानाच दोष कुठल्या घरातला आहे हे माहीत असतं. परीक्षेत ते कुणी सांगत नाही, आणि उदाहरण मुंबईच्या लोकलचं असेल किंवा युरोपातल्या औषधाचं. म्हणून दुसऱ्या भागात वेगवेगळ्या दोषांचे आणि अजिबात दोष नसलेले प्रश्न मिसळून दिले आहेत. पहिला भाग झाला की आठवडाभर थांबून तो सोडवा. त्यानंतर आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका घ्या, आणि मनासारखं वर्ष निवडू नका. चिठ्ठी टाकून जे निघेल ते वर्ष घड्याळ लावून सोडवा. तुमची तयारी किती झाली आहे, हे तो निकाल सांगेल.